घास समोर असेल तेव्हाच

नव्या हॉटेलच्या बाथरूमची कडी लावून घारने शर्ट वर केला, पोटाची चिमूट धरली आणि इन्सुलिनचं पेन टोचलं. बटण दाबून क्षणभर तसाच थांबला, सुई काढली, टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवून शर्ट नीट खोचला. मग आरशात पाहून घेतलं. आरसाही नवा होता, त्याच्याभोवती पिवळे दिवे होते. त्या उजेडात सगळेच ठणठणीत दिसत असावेत.

बाहेर कारखान्याची मंडळी बसली होती. घार पाइपांच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. शेडच्या छताखाली रुळांवरून सरकणारी क्रेन, तिला लटकलेली काचेची केबिन आणि केबिनमध्ये बसून दिवसभर खाली बघणारा तो. म्हणून घार. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. वर्षभरात शेडमध्ये एकही अपघात झाला नाही म्हणून साहेबांनी क्रेनवरच्या लोकांना सहकुटुंब जेवायला बोलावलं होतं, आणि तेही नुकत्याच उघडलेल्या या इटालियन हॉटेलात. शिवाय शेजारच्या शेडमध्ये नवी मोठी क्रेन आली होती. तिच्या केबिनमध्ये कोण बसणार हे साहेब आज जाहीर करणार होते. कोण ते सगळ्यांना माहीत होतं. तरी घारच्या बायकोने त्याच्या शर्टाला दोनदा इस्त्री केली होती.

सुईचं मात्र तिला एकटीलाच माहीत होतं. गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना तेव्हा, काही महिन्यांपूर्वी, डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाचे, कारखान्याचे नव्हेत. कारण कारखान्याचा नियम सरळ होता: सुईवाला माणूस केबिनमध्ये बसणार नाही. साखर एकदम उतरली की माणसाला घाम फुटतो, डोळ्यांपुढे धूसर होतं, हात ऐकेनासे होतात. आणि त्याच हातांच्या भरवशावर तेव्हा लोखंडाची मोळी हवेत लटकत असते. नियम घारला तोंडपाठ होता. फक्त तो आपल्यासाठी नाही, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. वेळेवर टोचतो, वेळेवर खातो, मग साखर उतरेलच कशी?

डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. घास समोर असेल तेव्हाच टोचायचं. घरी ते सोपं होतं. बायको आतून "वाढलंय" म्हणायची, हा टोचायचा आणि हात धुऊन येईपर्यंत ताट पुढ्यात असायचं.

कामावरची रीतही तीच. क्रेनवाला आपल्या डोळ्यांवर विसंबत नाही. वरून खालचं अंतर नीट कळत नाही, साखळी पक्की बसली की नाही ते दिसत नाही. ते बघायला खाली इशारेवाला असतो. त्याने बोट गोल फिरवलं की उचलायचं, मूठ मिटली की जागच्या जागी थांबायचं. त्यात शंका काढायची नसते, खात्री करून घ्यायची नसते. घारची उभी नोकरी दुसऱ्याच्या इशाऱ्यावर हालण्यात गेली होती. त्यामुळे वेटरने ऑर्डर टिपून घेतली, वहीवर टिचकी मारली आणि "भट्टी तापलेलीच आहे सर, हे आणलंच" असं म्हटलं, तेव्हा घार निमूटपणे उठून बाथरूमकडे गेला होता.

तो परत आला तेव्हा टेबलावर पाण्याचे ग्लास, घडी घातलेले रुमाल आणि मीठ-मिरीच्या डब्या होत्या. बाकी काही नव्हतं.

"काय रे, बाथरूमला गेला होतास की नवी क्रेन बघून आलास?" समोरून हातवारेने विचारलं. हातवारे म्हणजे त्याचा इशारेवाला. शेडमध्ये नवीन आलेल्यांना ते आडनावच वाटायचं आणि तो कोणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडायचा नाही. मंडळी हसली. घारही हसला आणि खुर्चीत बसता बसता त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दोन्हीकडे उघडणारं, मध्ये गोल काच असलेलं दार होतं. सारखं हलत होतं. पण त्यातून बाहेर येणारं प्रत्येक ताट दुसरीकडेच जात होतं.

साहेब आपण पहिल्यांदा पिझ्झा खाल्ला तेव्हा काट्याने कसा खाल्ला ते सांगत होते. त्यांची गोष्ट संपली. मग हातवारेच्या बायकोने पडद्यांचं कापड कुठलं असेल यावर मत दिलं. तेही संपलं. या मंडळींच्या मागून आलेल्या शेजारच्या टेबलावर वाफाळता पिझ्झा उतरला. साहेबांनी हात वर केला. वेटर लांबूनच गोड हसला आणि भलत्याच दिशेने निघून गेला.

बायको घारच्या कानाशी वाकली. "अहो, टोचलंत?"

त्याने मान हलवली. तिचा हात मांडीवरच्या पर्सकडे गेला आणि तिथेच थांबला. तिच्या रोजच्या पिशवीत लिमलेटच्या गोळ्या असायच्या. आज साडीला शोभेल अशी छोटी पर्स आणली होती. तिच्यात किल्ली आणि फोन मावला, बाकी काही मावलं नव्हतं.

तेवढ्यात वेटरने ब्रेडची टोपली आणून ठेवली. घारचा हात लगेच पुढे झाला. तुकडा बोटांना लागलासुद्धा, आणि वेटर म्हणाला, "सॉरी सर, ही त्या टेबलची." टोपली उचलली गेली. हातवारे म्हणाला की अहो, निदान वास तरी ठेवून जा. सगळे पुन्हा हसले. घारला हसता आलं नाही. मानेच्या मागे, कॉलरच्या आत, गार घाम आला होता.

आता काहीतरी गोड पोटात जायला हवं होतं. पण साखर मागायची कशी? पेयं सांगताना त्याने सगळ्यांदेखत साधं पाणी घेतलं होतं आणि वजन कमी करतोय असं ठोकून दिलं होतं. मोठ्याने साखर मागितली की प्रश्न येणार, आणि साहेब त्याच्या उजव्या हाताला बसले होते. त्याने जाणाऱ्या वेटरला हळूच थांबवलं आणि एक कोला सांगितला.

"झालं वजन कमी," हातवारे म्हणाला.

कोला यायलाही वेळ लागला. आल्यावर घारने बाटली तोंडाला लावली आणि अर्धी संपवूनच खाली ठेवली. आता बरं वाटेल म्हणून तो वाट बघू लागला. बायकोने बाटली सहज उचलावी तशी उचलली, फिरवून वाचली आणि तिचा चेहरा उतरला. तिने बाटली त्याच्याकडे वळवली. बिनसाखरेची होती. घरी जिला हात लावायची त्याला परवानगी होती, तीच.

यानंतरचं सगळं घारला तुकड्यातुकड्यांत आठवतं. जिभेला मुंग्या आल्या. छतावरच्या एका दिव्याचे दोन झाले. वेटर जवळून गेला तेव्हा कोणीतरी त्याच्यावर खेकसलं, "माणसं बसवलीत की पुतळे?" आणि तो आवाज आपलाच होता हे त्याला नंतर कळलं. घारचा चढलेला आवाज त्यांच्यातल्या कोणी कधी ऐकलाच नव्हता. त्याने ग्लास धरायला हात पुढे केला, तो ग्लासाच्या शेजारी हवेतच मिटला. हातवारे समोरून त्या हाताकडे बघत होता. आता तो हसत नव्हता.

बायको उठली. वेटर आडवा आला, तिकडे जाता येत नाही मॅडम, असं काहीतरी म्हणाला. तिने त्याला खांद्याने बाजूला केलं आणि ते हलतं दार ढकलून सरळ आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात साखरेचा मोठा डबा होता आणि मागे उंच पांढरी टोपी घातलेला आचारी. तिने ग्लासात साखर ओतली, काट्यानेच ढवळली आणि ग्लास घारच्या ओठांना लावला. दुसऱ्या हाताने त्याची मान धरली होती. त्याने सगळं प्यायलं. थोडं शर्टावर सांडलं.

"वहिनी, काय झालं? डॉक्टरला बोलवू?" साहेब उभे राहिले होते.

"काही नाही हो साहेब," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. "उपाशी राहिलं की यांचं पित्त चढतं."

साहेबांना ते पटलं. त्यांच्या थोरल्या भावालाही पित्ताचा त्रास होता. त्यांनी मालकाला बोलावून चार शब्द सुनावले, मालकाने वेटरला सुनावले, आणि मग इतका वेळ न आलेलं सगळं जेवण एकदम आलं. हातवारेने पिझ्झा सांगितला होता, त्याच्यापुढे लझानिया आला. वेटर परत नेतो म्हणाला तर त्याने ताटावर हात ठेवला. घारने पास्ता खाल्ला. चव लागत नव्हती, पण दिव्याचा पुन्हा एकच दिवा झाला होता आणि काटा तोंडापर्यंत नीट येत होता. निभावलं, असं त्याला वाटलं. बायकोने टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. तिलाही तेच वाटत असावं.

साहेब पलीकडे बोलण्यात गुंतले तेव्हा हातवारे पुढे वाकला. "गोळ्या की सुई?"

घारने पास्त्यात काटा फिरवला.

"माझ्या आईला होतं. पित्त कसं असतं आणि हे कसं असतं, मला कळतं. गोळ्या की सुई?"

"सुई."

"कधीपासून?"

घारने सांगितलं. हातवारेने सुरी खाली ठेवली. शेड अरुंद होती. भाराखाली उभं राहू नये असं भिंतीवर लिहिलेलं होतं, पण मोळी जागेवर उतरवायची तर हातवारेला कुठूनतरी तिच्याखालूनच जावं लागायचं. एवढ्या महिन्यांत तो किती वेळा तसा गेला असेल, ते दोघेही मनात मोजायला लागले आणि दोघांनीही सोडून दिलं.

"कामावर असं कधी झालेलं नाही," घार हळू आवाजात म्हणाला. "मी सगळं सांभाळून असतो. आज त्या वेटरने..."

"वेटर उद्या कोणीही होईल. कधी डबा सांडेल, कधी वरच अडकशील." हातवारेचा आवाज चढला नाही. चढला असता तर घारला बरं वाटलं असतं. "साहेबांना मी सांगणार नाही. चुगल्या करायचं वय राहिलं नाही माझं. पण सोमवारी मी तुझ्याखाली उभा राहणार नाही. काय कारण द्यायचं ते मी बघेन." सुरी पुन्हा उचलत तो म्हणाला, "मला तरी सांगायचंस रे."

मग त्याने लझानियाचा तुकडा तोंडात घातला आणि पुन्हा घारकडे पाहिलं नाही.

साहेबांनी चमच्याने ग्लास वाजवला. त्यांनी वर्षाबद्दल सांगितलं, एकाही घरी वाईट निरोप न्यावा लागला नाही याबद्दल सांगितलं. घार वर आहे तोवर आपल्याला शांत झोप लागते, असं म्हणाले. आणि नव्या क्रेनच्या केबिनमध्येही घारच बसेल. टाळ्या झाल्या. हातवारेनेही वाजवल्या, सगळ्यांबरोबर सुरू केल्या आणि सगळ्यांबरोबर थांबवल्या.

घार उठला तेव्हा बायकोच्या बोटांनी त्याची बाही पकडली. आभार मानायला उठला नाही हे तिला कळलं होतं. त्याने बाही सोडवून घेतली नाही, तसाच उभा राहिला.

"साहेब, मला वर बसता येणार नाही," तो म्हणाला. "मी सुईवर आहे. मघाशी पित्त नव्हतं."

साहेबांच्या हातात अजून चमचा होता. त्यांनी आधी वहिनींकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ती मला सांभाळून घ्यायला तसं म्हणाली. लपवलं मी. काही महिने झाले. त्या काळात वर बसलो, तेही मीच."

बाही धरलेली बोटं हळूहळू सुटली. साहेब खाली बसले, रुमालाने तोंड पुसलं आणि इतकंच म्हणाले की सोमवारी केबिनकडे जाऊ नका, आधी मला येऊन भेटा. त्यांनी पहिल्यांदाच त्याला घार म्हटलं नाही.

याच वेळी वेटर आला. सगळ्यांकडे पाहून प्रसन्न हसला आणि सर्वांना सगळं आवडलं ना, गोड काय आणू, असं विचारलं.

"आता काही नको, भाऊ," घारची बायको म्हणाली.

कारखान्याने त्याला काही आठवडे घरी बसवलं, लेखी समज दिली आणि मग खाली कामाला लावलं. नव्या क्रेनवर दुसऱ्या पाळीतली मुलगी बसली. तिचा हात चांगला होता. मोळीला बांधलेला दोर धरायचा, ती झुलू द्यायची नाही, एवढं घारचं काम. त्याची जागा हातवारेच्या शेजारी होती. पहिल्या दिवशी सकाळी दोघांनी एकमेकांना हेल्मेट दिलं-घेतलं, याखेरीज काही बोलणं झालं नव्हतं.

हातवारेने बोट गोल फिरवलं. साखळ्या ताणल्या गेल्या, मोळी जमिनीवरून सुटली आणि वर गेली. इतकी वर्षं घारने तिची पाठ पाहिली होती; हातभर लांबीची, काड्यांच्या जुडीसारखी दिसायची. तिचं पोट तो आज पहिल्यांदा बघत होता. पाइपांची काळी गोल तोंडं, मधूनच गळणारा गंज, आणि साखळीची ती बारीक कुरकूर, जी वर काचेआड कधी ऐकूच आली नव्हती. त्याचा पाय नकळत मागे गेला.

"पहिला आठवडा मान दुखते," हातवारे म्हणाला. त्याची नजर मोळीवरच होती. "मग होते सवय."

घारने मागे गेलेला पाय पुढे घेतला आणि दोर दोन्ही हातांनी धरला. मोळी सावकाश सरकत आली. तिची सावली आधी हातवारेवरून गेली, मग त्याच्यावरून.