मागच्या खोलीतली टाकी

“परत तेच, ताई? सहा आठवडे?” दातांच्या डॉक्टरांनी हातमोजे ओढून काढले. “मासा आणलाय मी. मुलीसाठी स्थळ नाही बघत आपण. सोडा त्याला टाकीत.”

प्लास्टिकच्या पिशवीत निळा मासा संथपणे फिरत होता. अंगावर एक डाग नव्हता. पण डाग नसणं आणि आजार नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ताई अकरा वर्षं सांगत आली होती. नंबर लावणं, अवजारं उकळणं ही तिची नोकरी; बाकांसमोरची प्रवाळांची मोठी टाकी तिने आपण होऊन अंगावर घेतली होती. येणारा प्रत्येक मासा आधी मागच्या खोलीतल्या लहान टाकीत सहा आठवडे एकटा राही. मोठ्या टाकीत आजार शिरला तर तिथे औषध घालता येत नाही; औषधातल्या तांब्याने प्रवाळं मरतात.

“अकरा वर्षांत एक तरी आजारी पडला का?”

“म्हणूनच नाही पडला.”

“वा! म्हणजे मी रोज छत्री धरून फिरायचं आणि सांगायचं, बघा, आकाश कोसळलं नाही!”

खुर्चीतला रुग्ण तोंडात कापूस धरून हसला. डॉक्टर त्याच्याकडे वळले. “आमच्या ताईंचं माशांचंसुद्धा सोवळं असतं. त्या खोलीत मला एक्स-रेचं मशीन बसवायचंय, तर तिथे म्हणे पाहुणे उतरतात.”

ते कापसाआडचं हसू तिला झोंबलं. पिशवी घेऊन ती मागे गेली, लहान टाकीचं झाकण उघडलं. पडू दे एकदा आजारी, तिच्या मनात आलं. दिसू दे यांना डोळ्यांनी. दोघातिघांवर चार ठिपके उठतील. सगळ्यांना बाहेर काढीन, बरं करीन.

तिने झाकण परत लावलं, बाहेर आली आणि स्वतःच्या हाताने मासा मोठ्या टाकीत सोडला.

नवव्या दिवशी ठिपके दिसले, मीठ भुरभुरल्यासारखे, एकदम सगळ्यांवर. जाळी घेऊन ती दोन दिवस झगडली. भ्यालेले मासे खडकांच्या फटींत शिरले, ते मेल्यावरच बाहेर आले. ती नोकरीला लागली त्या वर्षीची केशरी जोडी एकाच सकाळी गेली. नवा निळा तेवढा ठणठणीत राहिला.

डॉक्टर काचेशी वाकून उभे होते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

“ताई, या नव्यामुळेच ना? असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?”

याच प्रश्नासाठी तिने सगळं केलं होतं. पण हो म्हटलं, तर पुढचा प्रश्न कोणता येणार तेही तिला दिसत होतं.

“नाही,” ती म्हणाली. “असं होत नाही सहसा.”

“तेच तर मी म्हणत होतो!” डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला. “नशीब एकेकाचं. मग ती लहान टाकी उद्या काढून टाका, एक्स-रेवाला येतोय.”

“काढते.”

तिने पुढचं नाव पुकारलं. बाकावरची बाई उठता उठता टाकीपाशी थबकली.

“एकच ठेवलाय का? किती देखणा आहे हो!”

माणूस दिसलं की खाणं मिळतं, हे निळा एव्हाना शिकला होता. तो काचेजवळ आला. ताईने झाकण उचलून त्याला चिमूटभर खाणं घातलं.