बिनकुलपाची खोली

अंथरलेल्या चटया, एकही चुरगळलेली नाही. काठोकाठ भरलेलं पाण्याचं पिंप. वाळूत रुतलेली एकच चप्पल. दोराने सोललेले तळहात. शाळेच्या फळ्यावर ‘वर आलेले पुरुष’, आणि पुढे भोपळ्याएवढं शून्य.

वादळाची रंगीत तालीम अशी पार पडली. भोंगा वाजला की टेकडीवरच्या शाळेत जायचं, एवढंच ठरलं होतं. बायका-पोरं वर आली. पुरुष मात्र झाडून सगळे खाली पळाले, होड्यांकडे.

वादळासाठी वस्तीने नेमलेल्या समितीची प्रमुख होती मासळीची लिलाववाली. तिच्या आवाजाने बाजार गप्प व्हायचा, नवरा नाही. मागच्या वादळात तो होडीपाशी गेला आणि तुटल्या दोराच्या फटक्याने तीन बरगड्या मोडून परतला. आता आठवड्याभरात दुसरं वादळ येणार होतं.

“अहो, होडी नवी घेता येते,” ती जेवताना म्हणाली.

“नवराही येतो की.”

“माझं भागेल हो. आईंना नवा मुलगा कुठून आणू?”

“मला मध्ये घेऊ नका,” सासूबाई म्हणाल्या. “मी जुन्यावरच भागवतेय.”

नवरा हसला, मग खाली बघत म्हणाला, “अगं, लाकूड फुटलं तर सुतार जोडतो. इंजिनात खारं पाणी गेलं की खेळ खलास. भोंगा झाला की पाय आपसूक तिकडे वळतात.”

तिचा घास हातातच राहिला. म्हणजे जीव होडीत नव्हताच, इंजिनात होता.

पहिला इशारा आला तेव्हा आभाळ आरशासारखं स्वच्छ होतं. तिने भोंगा वाजवलाच नाही. लिलावाच्या ओट्यावर उभी राहून खड्या आवाजात म्हणाली, “होड्या आत्ताच वर ओढा. इंजिनं सोडवून शाळेत आणा. तिथल्या खोलीला कुलूप नाही, ज्याने त्याने आपलं सांभाळावं.”

“उन्हात वादळ आलंय म्हणे,” कुणीतरी टोमणा मारला. पण ‘कुलूप नाही’ हे शब्द सगळ्यांच्या कानात बसले होते.

वारा सुटला तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक इंजिनाला एक माणूस टेकलेला. तिचा नवरा आपल्या इंजिनावर घोंगडी घालून स्वतः कुडकुडत होता.

“बाहेर जायचंय का?” तिने विचारलं.

“वेडी आहेस का? हे सोडून?”

तिने फळ्यावरचं शून्य पुसलं.

त्या वस्तीत कधीच एकही इंजिन चोरीला गेलेलं नव्हतं.