सॅम्पल फ्लॅटमधली शाळा

"बाई, हा नळ खोटा आहे!"

शाळेच्या पहिल्याच दिवशी एका मुलाने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितले. बाईंनी जाऊन पाहिले. नळ चकचकीत होता, फिरतही होता, फक्त त्याच्यामागे पाइप नव्हता. टीव्ही पुठ्ठ्याचा होता. कपाटातल्या पुस्तकांना आत पानेच नव्हती. गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी बिल्डरने तळमजल्यावर सजवलेला हा सॅम्पल फ्लॅट पालिकेने शाळेसाठी तात्पुरता मागून घेतला होता.

"कशाला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "आपण पाहुणे आहोत इथे. आपली शाळा समोर होणार आहे."

समोर, रस्त्यापलीकडे, तारेचे कुंपण घातलेली मोकळी जागा होती आणि 'प्राथमिक शाळेसाठी राखीव' असा फलक होता.

बाईंचे उभे आयुष्य पालिकेच्या जुन्या शाळेत गेले होते. गावाच्या त्या भागातली माणसे पांगली, शाळा बंद पडली, आणि बाईंना या नव्या वसाहतीत पाठवण्यात आले. नवी शाळा उभी करायला म्हणून. पालिकेचा इंजिनियर नकाशा घेऊन आला तेव्हा म्हणाला होता, "बाई, काय काय हवं ते आत्ताच सांगा. नंतर भिंती हलत नाहीत."

बाईंनी सांगितले होते, मुलींचे स्वच्छतागृह मागच्या अंगाला नको, वर्गाजवळ हवे. पहिलीच्या खिडक्या खाली घ्या, पोरांना बाहेरचे दिसू दे. इंजिनियरने सगळे पेन्सिलीने मांडून घेतले. त्या दिवशी बाई घरी जाऊन नवऱ्याशी इतक्या बोलल्या की त्याने शेवटी हात जोडले.

मग कामे सुरू झाली. आधी रस्ता झाला, मग पाण्याची लाइन.

"बिल्डर आमच्याकडे शुल्क भरतो ते टप्प्याटप्प्याने," इंजिनियर समजावून सांगायचा. "इमारत उठली की हप्ता येतो. त्यातून पाणी आधी दिलं नाही, तर लोक आम्हाला फाडून खातील. शाळा पुढच्या टप्प्यात."

बाईंना ते पटले. पाण्यावाचून कोण राहणार? पुढच्या वर्षी गटारे झाली. तेही पटले. मग फ्लॅट खपेनासे झाले, चौथी इमारत अर्ध्यावर थांबली, आणि तिच्याबरोबर हप्ताही थांबला.

आईबाप येऊ लागले ते दाखले मागायला.

"तुमच्याबद्दल तक्रार नाही, बाई," एका मुलीचे वडील अवघडून म्हणाले. "पण बेडरूममध्ये दुसरी आणि हॉलमध्ये चौथी... पोरीला धावायला जागा नको का?"

"हवी ना," बाई म्हणाल्या आणि दाखला लिहायला घेतला.

सुरुवातीला दाखल्यावर सही करताना पेन मध्येच थांबायचे. पुढे पुढे हात आपला आपण सही करू लागला. दाढ काढण्याआधी सुई दिली की गाल आपला नसल्यासारखा होतो, तसे काहीसे झाले होते.

"तुला राग कसा येत नाही?" नवऱ्याने एकदा जेवताना विचारले.

"येत असेल."

"असेल म्हणजे?"

"भाजीत मीठ पडलंय का बघा जरा," बाई म्हणाल्या.

परवा इंजिनियर आला. मुलांच्या सतरंजीवरच बसला, गुडघे पोटाशी घेऊन.

"सभेत विषय झाला, बाई. पट फार कमी आहे म्हणाले. एवढ्याशा मुलांसाठी इमारत मंजूर करता येत नाही."

"इमारत नाही म्हणून तर मुलं गेली."

"हे मी बोललो सभेत."

"मग?"

"मग लिहून घेतलं त्यांनी." त्याने सतरंजीची सुटलेली दशी बोटाला गुंडाळली. "शाळेच्या वाट्याचे पैसे होते ते नाक्यावरच्या चौकाला वळवले. चौक रुंद करायचाय. सकाळी गाड्या तुंबतात तिथे."

"कसल्या गाड्या?"

इंजिनियरने मान खाली घातली. "शाळांच्या बस. वसाहतीतली सगळी पोरं बाहेर जातात ना."

हसू यायला हवे होते, नाहीतर रडू. बाईंनी वाट पाहिली. काहीच आले नाही.

"ही शाळा बंद करतायत. तुम्हाला दुसरीकडे घेतील. ही मुलंही दुसरीकडे जातील," तो म्हणाला. "बाई, काहीतरी बोला. शिव्या तरी द्या."

"चहा घेणार का?" बाईंनी विचारले.

आज शाळेचा शेवटचा दिवस होता. वॉचमनची मुलगी आणि आणखी चारदोन पोरे, एवढाच वर्ग. बाई फळ्यावर वजाबाकी मांडत होत्या, तेवढ्यात बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी एका जोडप्याला घेऊन आत आली. त्यांच्याबरोबर लहान मुलगी होती.

"दोनच मिनिटं हं, बाई. खोल्या दाखवते."

खोल्या पाहून झाल्या. त्या आईने विचारले, "जवळपास शाळा आहे का हो?"

"समोरच होणार आहे ना!" ऑफिसातली मुलगी खिडकीकडे हात करून म्हणाली. "या बाईंनाच विचारा."

आजवर हे वाक्य बाईंनी किती जणांना ऐकवले असेल. त्यांनी खडू खाली ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "होणार होती. आता होणार नाही."

ऑफिसातल्या मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले.

"बस तर येते ना पण?" नवऱ्याने विचारले.

"बस येते," बाई म्हणाल्या.

"मग वरचा मजला बघून घेऊ. यापेक्षा स्वस्त आपल्याला कुठे मिळणार आहे?"

ती दोघे निघाली, पण त्यांची मुलगी जागची हलेना. ती वॉचमनच्या मुलीच्या पाटीत डोके घालून उभी होती.

"बसू देऊ का हिला थोडा वेळ?" आईने ओशाळून विचारले.

"बसू दे. सरका रे जरा."

मुले सरकली. सतरंजीवर जागा झाली. ती छोटी मुलगी मांडी घालून बसली आणि इकडेतिकडे पाहून म्हणाली, "ही शाळा आहे?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि खडू उचलून अर्धी राहिलेली वजाबाकी पुढे मांडू लागल्या.