फक्त जवाब

माझा भाऊ तावेंग्वा जिवंत आहे की गेला, हे तीन वर्षं आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सीमा ओलांडून दक्षिणेला गेला, बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत चोरून उतरणाऱ्या टोळीत शिरला, एकदा फोन केला आणि मग गप्प. फोन लावून लावून माझं बोट झिजलं.

आमच्यात माणूस गेला की वर्षभराने विधी करून त्याच्या आत्म्याला घरी आणतात. तोवर तो रानोमाळ हिंडतो, उपाशीतापाशी, उंबऱ्याबाहेर. काका दर रविवारी यायचे आणि तेच तुणतुणं लावायचे, "वहिनी, पोरगं भटकतंय. त्याला घरात घ्या."

"माझं पोर जिवंत आहे," आई म्हणायची. "जिवंत माणसाचा विधी केला तर तो मरतो. मारायचंय का तुम्हाला त्याला?"

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. तो गेला असेल आणि विधी केला नाही, तर कायमचा बाहेर. जिवंत असेल आणि केला, तर आम्हीच त्याचे मारेकरी. मी दिवसभर आमच्या चिटुंगविझा शहराच्या बाजारात बायकांच्या बारीक बारीक वेण्या घालायची आणि घरी येऊन यांची भांडणं ऐकायची. डोकं फिरायची वेळ आली होती.

तावेंग्वाचा म्बिरा घरातच पडून होता. लाकडाची फळी, तिच्यावर लोखंडी पट्ट्या, आणि आवाज घुमायला भलामोठा वाळका भोपळा, त्याच्या काठाला बाटल्यांची बुचं. आमच्यात सगळ्यांना माहीत आहे, मेलेलं माणूस त्याच्या आवडीच्या गाण्याला येतं. जिवंत माणूस येत नाही, त्याला फोन करावा लागतो. मी ठरवलं, शिकायचं. त्याचं गाणं त्याच्याच म्बिरावर वाजवायचं. कुणी आलं नाही, तर काकांना चहासुद्धा न देता वाटेला लावायचं. देवाशपथ सांगते, मला तो यायला नको होता.

गुरू शोधायला निघाले तर एकेक नमुने भेटले. पहिला जटावाला, पर्यटकांना शिकवणारा. "आठ आठवड्यांत चार गाणी, वर प्रमाणपत्र," म्हणाला.

"प्रमाणपत्र काय पितरांना दाखवू?" मी म्हटलं आणि उठले. दुसऱ्या, चर्चमध्ये गाणं शिकवणाऱ्या बाई. त्यांनी म्बिरा पाहिला आणि दार अर्धं लोटून घेतलं. सैतानाचं खोकं म्हणे. शेवटी पट्ट्या ठोकणाऱ्या लोहाराकडे गेले. त्याने म्बिरा उलटा करून पाहिला, फळीच्या मागची खूण अंगठ्याने चोळली. "हा ग्वेंझी म्हाताऱ्याच्या चेल्याचा. शहर संपतं तिथे, सेकेच्या रस्त्याला राहतो. तपकीर घेऊन जा. रिकाम्या हाताने गेलीस तर बहिरा होतो."

म्हातारा आंब्याखाली चटईवर बसला होता. तपकिरीची पुडी घेतली, हुंगली, आणि आधी माझं देवक विचारलं.

"एलँड हरीण," मी म्हटलं.

"म्हणजे चिहेरा! त्या तोंडाळ कुळाची बाई. मेलो! तुझ्या नवऱ्याला कान आहेत का गळून पडले?"

"नवरा नाही मला."

"वाचला बिचारा."

मग त्याने म्बिरा मांडीवर घेतला, आणि त्याचं हसू गेलं. कुणाचा म्हणून विचारलं नाही. "डावा अंगठा आळशी होता त्याचा," एवढंच म्हणाला. "नेहमी जरासा उशिरा पडायचा. किती रागावलो मी त्या पोरावर."

म्बिरा दोघांनी वाजवायचा असतो. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच्या फटीफटीत जवाब भरायचा. ग्वेंझी आजोबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मी तुला फक्त जवाब शिकवणार."

"का? पैसे कमी पडतात का? सवाल पण शिकवा."

"सवाल टाकणारा आहे."

"कोण? तुम्ही?"

म्हाताऱ्याने चिमूटभर तपकीर ओढली आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या. मग म्हणाला, "आणखी एक. शिकताना तुला तिसरा आवाज ऐकू येईल, कुणीच न वाजवलेला. घाबरायचं नाही. दोघांचे सूर एकमेकांत घुसले की तसा भास होतो. वाद्यच तसं आहे."

दर शनिवारी दुपारी जायची. पट्ट्यांनी अंगठ्याची सालं निघाली, उजवी करंगळी फळीच्या भोकात अडकवून अडकवून सुजली. वेण्या घालताना गिऱ्हाइकाच्या केसात रक्त लागलं, तिने केवढं आकांडतांडव केलं. आजोबा सवाल टाकायचे, मी धडपडत जवाब द्यायची. "वेण्या घालतेस ना? तेच आहे हे. वरून, खालून, वरून. तिसरी बट ओढू नकोस, ती आपोआप येते." आणि खरंच, चौथ्या शनिवारी मला तिसरा आवाज ऐकू आला. बारीक, खालच्या पट्टीतला. मी घाबरले नाही, खूशच झाले. म्हटलं, चला, जमायला लागलं.

घरी सराव करताना आई समोर पायरीवर बसून शेंगा फोडायची. गाणं संपलं की टोपली उचलून आत जायची.

पाचव्या शनिवारी ऊन असं होतं की कोंबड्यासुद्धा सावली सोडत नव्हत्या. आजोबा म्हणाले, "मी बोअरिंगवरून पाणी आणतो. तू वाजवत राहा, थांबू नकोस." मी वाजवत राहिले. सवाल नसला की जवाब फार केविलवाणा वाटतो, अर्धवट बोलल्यासारखा. दोन-तीन आवर्तनं झाली आणि मागच्या त्यांच्या झोपडीतून सवाल सुरू झाला. मला वाटलं, म्हातारा मागच्या दाराने आत जाऊन बसला, माझी परीक्षा घेतोय. मी पण इरेला पेटले. इतकं छान त्याआधी कधीच जमलं नव्हतं. फक्त आतून मधला एक सूर जरा उशिरा पडत होता, दर फेरीला तोच.

तेवढ्यात फाटक करकरलं. ग्वेंझी आजोबा दोन्ही हातांत बादल्या घेऊन आत येत होते.

मी पट्ट्यांवरून हात उचलले. झोपडीतला सवाल आणखी दोन फेऱ्या चालला आणि मग थांबला.

"आजोबा," मी म्हटलं, "तिसरा आवाज ना? वाद्यच तसं आहे ना?"

त्यांनी बादल्या हळूच खाली ठेवल्या. "वाजवणारे थांबले की तिसरा आवाज थांबतो, पोरी."

मी रडले, ओरडले, नाही नाही ते बोलले. तुम्हाला माहीत होतं, तुम्ही मुद्दाम केलंत, मी बंद करते शिकणं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "कर बंद," तो म्हणाला. "तो नाही करायचा."

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि ठरवून टाकलं, खोटं बोलायचं. कुणी आलं नाही म्हणायचं. आईची आशा माझ्या हाताने कशाला मोडू? काका गेले उडत.

आई पायरीवर शेंगा फोडत बसली होती. "आज काय शिकलीस?"

"काही नाही. म्हातारा म्हणतो, मला जमायचं नाही. सोडतेय मी."

"वाजव."

"आई, दमलेय गं."

"मायदेई," तिने मला नावाने हाक मारली, "वाजव म्हणते ना."

मी तिच्यासमोर बसले आणि मुद्दाम वाईट वाजवायला घेतलं. घाई केली, सूर गाळले, फट म्हणून कुठे ठेवली नाही. काही उपयोग झाला नाही. पायरीच्या बाजूने, भिंतीला टेकून कुणी बसावं तितक्या अंतरावरून सवाल आला. तिथे नुसतं ऊन पडलं होतं. मी मान खाली घातली. म्हटलं, हा माझ्याच कानाला ऐकू येतोय, आईला नाही, वाजवून टाकावं आणि उठावं.

आणि आईने टाळ्या धरल्या. सवालावर धरायची टाळी वेगळी, जवाबावर धरायची वेगळी. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही तो फरक कळतो. आईची टाळी माझ्या सुरांवर नव्हती.

मी थांबले. टाळी थांबली नाही.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "तो वाजवतोय अजून."

"आई, तुला ऐकू येतंय?"

"दोन वर्षं झाली." ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या उन्हाकडे बघत होती. "दुपारची मी इथे बसले की येतो. तू घरी नसायचीस. मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर मेला असता तो."

माझ्या डोक्यात सणक गेली. आईवर हात उचलावासा वाटला, इतका राग आला. "दोन वर्षं तू त्याला बाहेर ठेवलंस? उपाशी? आणि काकांच्या तोंडावर म्हणत राहिलीस, जिवंत आहे म्हणून?"

"हो," आई म्हणाली. "माझं पोर, मीच बाहेर ठेवलं."

तिने टाळी थांबवली. ओच्यातली टरफलं झटकली, भिंतीला धरून उठली आणि आत गेली. आतून पिंपाचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग नाचणी मडक्यात पडल्याचा. विधीच्या बिअरसाठी ती सात दिवस आधी भिजत घालावी लागते. तिने पाणी ओतलं, हात बुडवून ढवळलं, आणि तिथूनच हाक मारली, "काकाला फोन कर. म्हणावं, वहिनीने नाचणी भिजवली."

बाहेर सवाल चालूच होता. अंगठा उशिरा पडत होता, दम लागल्यासारखा. मी म्बिरा पुन्हा मांडीवर घेतला. फोन नंतरही करता आला असता. दोन वर्षं एकटाच वाजवत होता तो.