उपटणाऱ्या बोटांनी घडवलेलं तण

मी भाताच्या खाचरातलं एक जुनं तण आहे. जुनं म्हणजे वयानं नव्हे मित्रांनो, वैरानं. मला आयुष्य मिळतं एका हंगामाचं. वैर मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

माझे पूर्वज जमिनीलगत आडवे पसरायचे, बुडाशी तांबूस दिसायचे. भात सरळ आणि हिरवंगार. मग काय, बायका ओळीनं वाकायच्या आणि वेगळं दिसेल ते मुळासकट ओढायच्या. आमच्यातल्या ज्यांना अजून आई व्हायचं होतं, त्या तशाच बांधावर मुळं वर करून सुकल्या. ते आम्ही विसरलेलो नाही.

प्रत्येक दाण्यात जनुकं असतात. रोपानं कसं वाढायचं याच्या, आईबापांकडून आलेल्या त्या सूचनाच. त्यांची नक्कल होताना कधीतरी चूक होते. अशाच एका चुकीनं आमच्यातलं कुणी सरळ उभं वाढलं. दुसऱ्या एका चुकीनं कुणाचा तांबूसपणा गेला. भातासारखं दिसलं तेवढंच वाचलं, त्यालाच लेकरं झाली, आणि लेकरांत तीच जनुकं उतरली. आम्ही काही ठरवलं नव्हतं हो. आम्हाला घडवलं ते उपटणाऱ्या बोटांनीच!

यंदा मी उगवले ती नेमकी बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यात. पुढच्या वर्षीचा सगळा पेरा यातूनच व्हायचा, म्हणून शेतमालकाच्या घरच्या सासूबाई स्वतः खुरपणीला उतरल्या. सोबत नवी सून. ती माझ्यापाशी थबकली.

"आई, याच्या पानाच्या सांध्याला पांढऱ्या पापुद्र्याची जीभ नाहीये. भाताला असते."

"तुला आहे तेवढी जीभ पुरे! माझे हात काय कालचे आहेत?"

"अहो, एकदा बघा तरी."

"बघितलं. किती सरळ वाढलंय, गुणाचं आहे ते. चल, पुढे सरक."

आणि शेजारचं जरा कललेलं रोप त्यांनी उपटलं. ते भाताचं होतं. मला फार बरं वाटलं.

पुढे त्यांनी खत दिलं, पाणी दिलं. मी मनसोक्त खाल्लं-प्यायलं. शेजारची भातं माझ्या सावलीत खुरटली. मग माझी ओंबी बाहेर पडली, आणि ती काही भातासारखी नव्हती. पण इकडे कुणी फिरकेपर्यंत दाणे पिकून गळायला आले होते.

ओंबी बघून सासूबाईंचा चेहरा उतरला. "सूनबाई, तू म्हणत होतीस गं..."

"आई, थांबा! ओढू नका, आधी ओंबीला पिशवी बांधू!"

पण थांबणं त्या हातांना कुठलं ठाऊक! त्यांनी मला मुळासकट उपटलं आणि मुळांची माती झाडायला रागारागानं झटकलं. माझे सगळे दाणे त्या राखलेल्या तुकड्यात उडाले. सूनबाई ओल्या मातीत बोटांनी चाचपत बसली. तिच्या हाती एकही लागला नाही.

मी आता सुकते आहे. चालेल. मित्रांनो, उपटताना हातात काय आलं ते सगळेच बघतात. मागे काय उरलं, तेही जरा बघत जा. नाही बघितलंत, तरी आमची काही तक्रार नाही.