मोर कोरलेला पलंग

स्वागताला आलेल्या करिष्मानं मोगऱ्याचा हार पुढं केला आणि पारूबाई एक पाऊल मागं सरकली. मग हसून तिनं ओंजळ पुढं केली.

"गळ्यात नगं, बाई. इथं दे."

शेजारी उभ्या असलेल्या तिच्या लेकीनं, पंचशीलानं, ओठ चावला. अंबाजोगाईच्या जुन्या गल्लीतलं हे 'थोरलं घर' आता हॉटेल झालं होतं. नाव तेवढं तेच ठेवलेलं. पारूबाईची आई, छबुबाई, हयातभर इथं मागच्या दारी लाकडं फोडायची. उंबऱ्याच्या आत तिला कुणी घेतलं नाही. भाकरी वरून पदरात पडायची. त्याच घराच्या पुढच्या दारानं मायला आत न्यायचं, त्यांच्या पलंगावर झोपवायचं, एवढ्यासाठी पंचशीलानं दवाखान्यातून सुट्टी काढून वरची सगळ्यात मोठी खोली घेतली होती. आणि माय पहिल्याच पावलाला मागं सरकली. अंगात मुरलेलं निघत नाही, असं तिच्या मनात आलं.

पारूबाईचा पाय मात्र एका जागी ठरत नव्हता. सकाळीच ती तेलगावहून एसटीनं आली होती. पांढरीशुभ्र साडी नेसून. चार लोकांत जायचं म्हणून ठेवणीतली काढली असेल, असं लेकीला वाटलं होतं. जेवणही तिनं घाई करून दुपारच्या आतच उरकायला लावलं होतं. आता ती सोप्यातल्या लाकडी खांबांना हात लावून बघत होती, भिंतीवरच्या मिशाळ फोटोंपुढं कमरेवर हात ठेवून उभी राहत होती. मागच्या दाराशी आल्यावर तर ती थांबलीच नाही. बाहेर गेली, वळली, आणि त्याच दारानं पुन्हा आत आली. मग परत एकदा. करिष्मा हॉटेलातली पाहुण्यांची व्यवस्था बघणारी मुलगी. काही हरवलंय का, असं तिनं विचारलं, तेव्हा पारूबाई तोंडाला पदर लावून हसली.

वरच्या खोलीत पलंग होता. चढायला दोन लाकडी पायऱ्या, वर छत, चार पायांवर चार मोर. दिवाळीच्या आधी हा पलंग उन्हाला म्हणून परसात निघायचा. छबुबाई तो लिंबाखालून, लांबून बघायची आणि घरी येऊन लेकीला मोरांचं वर्णन करायची.

पारूबाई तडक खाली बसली आणि एका मोरावरून बोट फिरवू लागली.

"पंचे, हे बघ. चोचीत साप हाय. मला वाटायचं, माय मनानंच सांगती."

"वर तर बस आधी."

"बसते की. पळून चालला का पलंग?"

तेवढ्यात करिष्मा दारात आली. आज पौर्णिमा असल्यानं गच्चीवर चांदण्यात जेवण आहे, बासरी आहे, खोलीत अत्तराचे दिवे लावते, असं तिनं उत्साहानं सांगितलं. ती गेली, आणि पंचशीला पलंगाच्या कडेवर हळूच टेकली.

पौर्णिमा. पौर्णिमेला माय पहाटे विहारात जाऊन अष्टशील घ्यायची. दुपारनंतर अन्न नाही. गाणंबजावणं नाही, हार नाही, अत्तर नाही. उंच पलंगावर झोपणं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. तापानं फणफणली असतानाही तिनं हे कधी मोडलं नव्हतं. पंचशीलानं तारीख ठरवली ती ड्युटीचा चार्ट बघून. हॉटेलवाल्यांनी जे जे देऊ केलं होतं, ते सगळं आज मायला वर्ज्य होतं.

"माय, मी मूर्ख हाय. पौर्णिमा ध्यानातच आली न्हाई."

"नाव पंचशीला ठेवलं तुझं. पाच ध्यानात ऱ्हायले, पुढचे तीन इसरली."

"हसू नको. मी आत्ता खाली जाऊन तारीख बदलते. उद्याची करते."

"बस गप." पारूबाईनं आपली पिशवी ओढली आणि आतून गुंडाळलेली चटई काढली. ती पलंगाशेजारी, मोरांच्या रांगेत, नीट अंथरली.

पंचशीला चटईकडं बघत राहिली.

"तुला ठाऊक होतं. मग सांगितलं कावून न्हाई? मी दिवस बदलला असता."

"म्हणून तर न्हाई सांगितलं."

खालून ताटं मांडल्याचा आवाज येत होता. पारूबाई चटईची सुरकुती हातानं काढत राहिली.

"तुझ्या आज्जीला या घरात कुणी ये म्हणलं न्हाई, बस म्हणलं न्हाई. मग ती नगं तरी कशाला म्हणंल? मला एक डाव या घरात नगं म्हणून बघायचं होतं."

दिवेलागणीला करिष्मा स्वतः ताट घेऊन वर आली. गच्चीवर नाही तर इथं तरी जेवा, आजी, असं म्हणून तिनं ताट दोन्ही हातांनी पुढं धरलं. पारूबाईनं उठून हात जोडले. आज उपोसथ आहे, पौर्णिमेचं व्रत, असं सांगितलं. करिष्मानं निदान खीर तरी घ्या म्हटलं. पारूबाईनं परत हात जोडले. ताट घेऊन ती पोरगी दारापर्यंत गेली, तशी पारूबाई लेकीच्या कानाशी लागली.

"लई गोड आग्रह करती गं. अजून एक डाव म्हणाली असती, तर बरं झालं असतं."

पंचशीलाला एकदम हसू फुटलं. हसता हसता तिनं डोळे पुसले. मग पलंगावरची एक उशी ओढून ती खाली, मायच्या शेजारी येऊन आडवी झाली. मोराचा डोळा बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आला. लाकडी छताखालची गादी चादरीची एकही घडी न मोडता तशीच राहिली.

जाग आली तेव्हा खिडकीतून उन्हाची पहिली तिरीप आत आली होती. शेजारची चटई गुंडाळून ठेवलेली होती. पंचशीला दचकून उठली.

माय वर होती. पलंगाच्या मधोमध, पाठीला तीन उशा लावून. कालचा मोगऱ्याचा हार, थोडा कोमेजलेला, तिच्या गळ्यात होता.

"उजाडलं," पारूबाई म्हणाली. "आता त्या पोरीला फोन लाव. चहा इथंच, वर आण म्हणाव. अन् कालची खीर उरली असली, तर तीबी आण म्हणाव."