सासूबाईंचा ओला टॉवेल

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे. हसू नका! टॉवेलाचे कसले आले आहे आयुष्य, असे तुम्हाला वाटत असेल. पण माझे आयुष्य ऐकाल तर कपाटातल्या कोऱ्या टॉवेलांना वाटतो तसा तुम्हालाही माझा हेवा वाटेल.

मागावरून उतरलो तेव्हा मी पिवळाधमक होतो आणि मला निळी किनार होती. दुकानात सासूबाईंनी मला गालाला लावून पाहिले आणि म्हणाल्या, "हाच द्या, मऊ आहे." सासूबाई गोल्फच्या मैदानावर मुलांना खेळायला शिकवत. त्यांच्या सूनबाई घरीच शिवणकाम करत. या दोघींच्या घरात मी तोंडे पुसली, ओले केस गुंडाळून घेतले, तापाच्या दिवसांत कपाळावर बसलो. तेव्हा माझा काय तोरा होता! मग रंग विटला, किनार उसवली आणि माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. ओट्यावरचे सांडलेले दूध पुसताना मी मनातल्या मनात नाक मुरडत असे. त्यानंतर लादी पुसायची पाळी येणार, हे मला पक्के ठाऊक होते.

त्याच सुमारास सासूबाईंची नजर अधू झाली. समोरचे माणूसही त्यांना धुक्यातल्यासारखे दिसू लागले. मैदानाचे व्यवस्थापक घरी येऊन गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही पुष्कळ केलंत. आता आराम करा." सासूबाई हसून "बरं" म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्या खिडकीपाशी बसल्या त्या बसल्याच. जेवणसुद्धा दोन घासांत आटपायचे. मला फार वाईट वाटत असे.

सूनबाईंना ते बघवेना. एके सकाळी त्या कंबर कसून मैदानावर गेल्या आणि व्यवस्थापकांना म्हणाल्या, "मी जन्मात गोल्फची काठी धरलेली नाही. आईंनी मला शिकवलं आणि मी इथल्या तळ्यापलीकडे चेंडू मारला, तर त्यांचा वर्ग त्यांना परत द्याल?" व्यवस्थापकांनी महिन्याभराची मुदत आणि तीन चेंडू दिले. सूनबाईंनी घरी येऊन हे सांगितले, तेव्हा सासूबाई आधी चिडल्या. मग उठल्या, ओट्यावरून मला उचलले आणि बादलीत बुचकळून पिळले!

मित्रांनो, माझे खरे आयुष्य इथून सुरू झाले. सासूबाईंनी माझी घडी घालून मला सूनबाईंच्या डाव्या काखेत ठेवले. काठी फिरवताना हात अंगाला धरून राहिला तर मी काखेत टिकणार. हात अंगापासून सुटला की मी खाली पडणार आणि चेंडूही भलतीकडे जाणार. ओला टॉवेल पडला की थप्प असा आवाज होतो. सासूबाईंना नीट दिसत नव्हते, पण कान तिखट होते.

पहिले काही दिवस अंगणात नुसती थप्प, थप्प, थप्प! मी चिखलाने माखलो, पण खरे सांगतो, मजा येत होती. घरात पुन्हा ओरडाआरडा आणि हसणे सुरू झाले होते. एकदा तर मी काखेतच असताना सूनबाई मला घरभर शोधत होत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरे काय!

मग एका सकाळी थप्प ऐकूच येईना. सासूबाई आधी खूश झाल्या, मग कान देऊन ऐकू लागल्या.

"अगं, काठी तर वेडीवाकडी सूं सूं करतेय. मग टॉवेल पडत कसा नाही?"

त्यांनी चाचपडत काखेत हात घातला आणि "आई गं!" म्हणून ओरडल्या. सूनबाईंनी मला सेफ्टी पिनने चक्क कुडत्याला टाचून ठेवले होते.

"हे शिवणकाम नव्हे, सूनबाई! इथे टाचून भागायचं नाही!"

"रोज पडतो म्हणून तुम्ही हिरमुसता ना, आई."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खालीच बसावे लागले. त्यानंतर पिन पुन्हा दिसली नाही आणि हळूहळू मी पडेनासा झालो.

ठरलेल्या दिवशी मैदानावर गर्दी जमली. मी काखेत असल्यामुळे चेंडू कुठे जातो ते मला दिसत नव्हते. सूनबाईंचे काळीज मात्र धडधडताना ऐकू येत होते. पहिला चेंडू गेला. डुबुक! दुसऱ्या वेळी मी निसटलो आणि चेंडूही पाण्यात गेला. थप्प आणि डुबुक, पाठोपाठ. कुणीतरी हळूच चुकचुकले.

सासूबाईंनी मला उचलून पुन्हा काखेत ठेवले आणि म्हणाल्या, "तळं विसर. मला नाही दिसत, तूही बघू नकोस. नुसता टॉवेल सांभाळ."

तिसऱ्या वेळी काठी एकच सरळ आवाज करून फिरली. मी जागचा हललो नाही. सासूबाई मान तिरकी करून डुबुकची वाट पाहू लागल्या. आवाज आलाच नाही.

"सूनबाई, गेला का गं पलीकडे?"

सूनबाईंना रडू आणि हसू एकदमच फुटले होते. त्यांनी दोन्ही हात पसरून सासूबाईंना कडकडून मिठी मारली आणि अर्थातच मी पडलो. थप्प! या वेळी मला उचलायची कुणालाच घाई नव्हती.

आता सासूबाईंच्या वर्गात प्रत्येक मूल घरून एक जुना टॉवेल आणते. मी त्या सगळ्यांचा मोठा भाऊ आहे. मित्रांनो, मला वापरून झाल्यावर धुऊन उन्हात घाला. काखेतल्या नोकरीत घाम फार असतो. आणि घरातल्या थकलेल्या माणसाला "तुम्ही आता बसा" म्हणण्याआधी एकदा त्याच्यासमोर उभे राहून "मला शिकवा" म्हणून बघा.